यानुशचा क्लास

यानुश एकेकाळी पोलंडचा हौशी बॉक्सिंग चॅम्पियन. आयुष्यातली सगळ्यात मोठी फायनल त्याने ठोशांनी जिंकली आणि स्तेफान नावाच्या पंचाने कमी गुण देऊन त्याला हरवलं.

आता यानुश अमेरिकेतल्या कॅरी गावात पार्किन्सनच्या पेशंटना व्यायाम म्हणून बॉक्सिंग शिकवतो. मुलाकडे राहायला आलेला स्तेफान थरथरत त्याच क्लासला आला. यानुश त्याला स्वतः ग्लोव्हज चढवतो, क्लासनंतर थांबवून जास्तीचा सराव घेतो, घरी सोडतो.

क्लासमधले हेमचंद्रकाका, नागपूरचे रिटायर्ड डॉक्टर, एकदा गहिवरून म्हणाले, "यार यानुश, ज्याने तुझं मेडल घालवलं, त्यालाच माफ केलंस? ग्रेट आहेस!"

"माफ कसलं, डॉक्टर? आजारी माणसाला मारता येत नाही, म्हणून आधी बरा करतोय."