सूनमुख

लख्ख! लख्ख! लख्ख! आणि मग एकच मोठा झोत.

लोकरीच्या तंबूतल्या सगळ्या बायका किंचाळल्या. कुणी डोळ्यांवर हात धरले, कुणी तोंड फिरवलं. पडद्याआड बसलेली नवरी तर दचकून रडायलाच लागली. कुबातच्या हातातला तो इवलासा कॅमेरा मात्र आपलं काम चोख करून गुरगुरत रीळ पुढे सरकवत होता.

"लाज आणलीस रे मेल्या!" ताजीगुल आत्या ओरडली. "सासू सुनेचं तोंड बघतेय आणि तू मध्येच वीज पाडतोस? अपशकुनी कुठला!"

कुबातला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर त्यानंच सगळ्यांना ऐकवलं होतं: फ्लॅश नाही, गडबड नाही, कुणाला पत्ता लागणार नाही. त्यासाठीच तर बिश्केक शहरातला जुना बाजार पालथा घालून त्यानं हा कॅमेरा मिळवला होता. खिशात मावणारा, पण भिंग असं की मेणबत्तीच्या उजेडातही चेहरा टिपेल. विकणाऱ्या म्हाताऱ्यानं बजावलं होतं, "झाकण मिटलंस की हा सगळं विसरतो बघ. उघडला की आधी फ्लॅश बंद करायचा. दर वेळी!" "मला शिकवताय होय?" म्हणून कुबात हसला होता.

झालं काय, तो तंबूत शिरत होता आणि आत्यानं दारातच नान पुढे केला. लग्नघरातला नान चाखल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. "दोन्ही हातांनी घे रे, आता तुझाच नंबर!" कुबातनं कॅमेऱ्याचं झाकण मिटलं, तो खिशात टाकला, नानाचा तुकडा मोडून तोंडात घातला. मग कॅमेरा पुन्हा उघडला. कॅमेरा विसरला होता, आणि कुबातही.

बरं, तोंड लपवावंसं वाटत होतं ते आत्यामुळे नाही, आपामुळे. आपा म्हणजे त्याची आई, साबिरा. थोरल्या तोलोगोनचं लग्न ठरल्यापासून तिचं एकच पालुपद चाललं होतं, "सुनेचा चेहरा तेवढा बघायचाय मला." आणि कुबातला म्हणाली होती, "फोटो तू काढायचा हं. तूच."

घरात कुबातच्या फोटोंची सगळे टर उडवायचे. दिवा न लावता काढलेले, काळेकुट्ट. "हा बघा, बुटाच्या आतला फोटो!" असं तोलोगोन म्हणायचा. एकटी आपा तो कागद हातात घ्यायची, चेहऱ्यापाशी न्यायची, अंगठ्यानं कुरवाळायची. "सुरेख आलाय. आता यात कोण कोण आहे, तूच सांग बघू." मग कुबात रंगून रंगून सांगत बसायचा. आपली कला कळते ती फक्त आपाला, असं तो शहरातल्या मित्रांना अभिमानानं सांगायचा.

आजही त्यानं तंबूतला दिवा मालवायला सांगितल्यावर बायका कुरकुरल्या. आपाच म्हणाली, "मालवा गं. माझ्या पोराला अंधारच लागतो." मग नवरीसमोर गुडघ्यांवर बसून तिनं ओढणी वर केली, दोन्ही हातांत तो चेहरा धरला, कपाळ हुंगलं. "चंद्र आहे गं बाई, चंद्र!" नेमका तेव्हाच झोत पडला.

"काय झालं? पोरावर का ओरडताय?" आपा म्हणाली. सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखी धाकट्याला पाठीशी घालतेय. कुबात मान खाली घालून बाहेर पडला आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं शहराला निघून गेला.

रीळ धुऊन आलं. बाकीचे फोटो नेहमीसारखे काळे. तो एकच लख्ख. मोठ्या झोताआधीच्या लुकलुकीनं सगळ्यांना गाठलं होतं: आत्याचे डोळे घट्ट मिटलेले, बायकांचे हात तोंडावर, नवरीच्या पापण्या आवळलेल्या. झोताच्या सगळ्यात जवळ होती आपा. तिचे डोळे टक्क उघडे. पापणीसुद्धा लवली नव्हती. हातांत सुनेचा चेहरा होता आणि नजर तिच्या कानावरून पलीकडे, कोऱ्या पडद्यावर.

कुबात फोटोच्या दुकानाच्या पायरीवरच बसला. आंधळ्या सासूच्या घरात मुलगी कोण देणार? म्हणून गप्प राहिली ती. सवयीच्या घरात चाचपून वावरली, कुणाला कळू दिलं नाही. आणि आपण? तिनं डोळ्यांपाशी धरलेला एकेक फोटो त्याला आठवला. "कोण कोण आहे, तूच सांग बघू." त्याचे कान तापले. फ्लॅशची लाज काहीच नव्हती. अंधारातले फोटो काढतो म्हणून मिरवणाऱ्याला आईच्या डोळ्यांतला अंधार दिसला नव्हता.

पुढच्या सुट्टीत तो गावी गेला. मेरीम, त्याची नवी वहिनी, अंगणात गाईची धार काढत होती. कुबात थांबला. भर उन्हात त्यानं तिला नीट बघून घेतलं, मग आत गेला.

आपा चुलीपाशी एकटीच होती. त्याची चाहूल लागताच तिनं हात पुढे केला. "आणलास माझ्या सुनेचा फोटो? दे इकडे."

कुबातनं फोटो खिशातच ठेवला. तिचा हात हातात घेतला.

"आपा, वहिनी गोरी नाही, गव्हाळ आहे," तो म्हणाला. "उजव्या गालावर तीळ आहे. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलाय, म्हणून हसताना ओठ मिटून घेते."

आपानं हात काढून घेतला नाही. चुलीवर चहाचं पाणी उकळत राहिलं. मग खूप हळू आवाजात तिनं विचारलं,

"आणि डोळे कसे आहेत रे तिचे?"