तीन ठोके

मी कयाकसकट, म्हणजे एकट्याच्या चिंचोळ्या होडीसकट, पाण्यात कोलांटी मारून परत वर यायला शिकत होते, तेव्हा बाबा छातीभर पाण्यात शेजारी उभे असायचे. कोलांटी फसली की मी पाण्याखाली उलटी लटकायचे आणि होडीच्या बुडावर तीन ठोके द्यायचे. मला सरळ करायला लगेच त्यांचा हात यायचा. “किती उशीर!” पाणी जाऊ नये म्हणून नाकाला लावलेला चिमटा काढत मी चिडायचे. “तेवढ्यात मासे मोजायचे की गं,” ते म्हणायचे. एका दुपारी कोलांटी साधली. ठोके न देताच मी सरळ वर आले, पाहते तर बाबांचा हात पुढे आलेलाच. मला बघताच त्यांनी तो मागे घेऊन उगाच कान खाजवला. आज त्यांच्या जागी मी उभी होते, आणि लेक पाण्याखाली. एकही ठोका आला नाही. तिची तीच वर आली. “आई, जमलं! पण हात कशाला पुढे केलास?” “कुठे काय,” म्हणत मी कान खाजवला.