भागोजीचा गुणी घोडा

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी भागोजीने महिनाभर गूळ चारून घोड्याला करामत शिकवली. मावळे झालेले गावकरी "व्हय महाराजा!" ओरडले की त्याने मागच्या दोन पायांवर उभं राहायचं. नवी घोषणा कोण पाठ करणार, म्हणून सगळ्या गावाच्या तोंडात बसलेली हीच निवडली.

"उभा ऱ्हायला शिकवलात," बायको तुळसा म्हणाली, "आता गप ऱ्हायला कोन शिकवनार?"

भागोजीने हसून घोड्याला गुळाचा आणखी एक खडा चारला. मिरवणुकीत टाळ्याही पडल्या.

वैशाखात त्याच घोड्यावर सफारी घातलेला मुंबईकर नवरदेव बसला. वरात निघण्याआधी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून मानकरी आजोबांनी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"ह्या पोराचा संसार सुखाचा होऊ दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव एका सुरात म्हणालं.

घोडा उभा राहिला. नवरदेव मानेला लोंबकळला. भागोजी गूळ घेऊन धावला, "आजोबा, पुरे आता!"

पण गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडायचं नसतं. आजोबांनी एक डोळा उघडला, प्रसंग ओळखला आणि कळवळून हात जोडले.

"पोराला घोड्यावरनं पडू देऊ नको रे महाराजा!"

आणि एरवी पुटपुटणारं अख्खं गाव या वेळी बेंबीच्या देठापासून ओरडलं.