खारीचा कागद

रात्रपाळी सुटून जगन धाटावच्या कारखान्यातून रोह्याला दाजींच्या घरी पोचला, तेव्हा त्याच्याच गावची ठमाबाई त्यांच्या ओटीवरून उतरत होती. त्याला पाहून तिने पदर सारखा केला आणि स्टँडची वाट धरली. आधीच अंग आंबलेलं, त्यात हे बघून जगनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दाजी म्हणजे निवृत्त मास्तर. मोडी वाचणारा आसपास दुसरा उरलाच नव्हता. पेणच्या एका मंडळासाठी ते जुन्या कागदपत्रांचे खंड काढत. दोन निघाले होते, आणि तिसऱ्यात जगनच्या गावच्या खारीचा कागद यायचा होता. खाडीला बांध घालून काढलेली ही जमीन मुळात कुणाची, ते त्यात लिहिलं होतं म्हणे.

सातबाऱ्यावर नावं दोन घरांची, एक जगनचं आणि एक ठमाबाईचं. पण कसायचा जगन आणि बांध राखायचाही जगनच. उधाणाने बांधाला खांड पडून पाणी घुसलं की छातीभर चिखलात उतरायचं ते त्याच्याच घराने, आज्या-पणज्यापासून. भात झोडपलं की अर्धं ठमाबाईकडे पोचतं व्हायचं, आणि त्यावरून कुणी कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. मग एक कंपनी जागा शोधत आली आणि ठमाबाईचा मुलगा नितेश विकायचंच म्हणून हटून बसला. जगन म्हणाला, खार माझ्या वाडवडलांनी काढली, तुला विकायचा हक्कच नाय.

गावकी बसली. तिथे जगनच उठून म्हणाला की दाजींच्या पुस्तकात जे छापून येईल ते दोन्ही घरांनी मानायचं. गावदेवीपुढे नारळ ठेवला, त्याला जगनने हात लावला, आणि चारचौघांत मागे कसं हटायचं म्हणून नितेशनेही लावला. देवीपुढचा शब्द तो. आता कोर्टकचेरीचं नाव काढायची सोय राहिली नाही.

तेव्हापासून ठमाबाईने दाजींचा उंबरठा झिजवायला घेतला. तो कागद तेवढा गाळा, हेच तिचं पालुपद. तो कागद ज्यात होता ते गाठोडं दाजींना तिच्या नवऱ्याने दिलेलं, आणि देणारं घर नको म्हणालं तर छापायचं नाही, असा दाजींचा नेम होता. छापण्याआधी कुणाला वाचून दाखवायचं नाही, हा त्यांचा दुसरा नेम. मागे एकदा दाखवलं तर दोन सख्खे भाऊ कोयते घेऊन एकमेकांवर धावले होते.

"काकी काय म्हणत होती?" जगनने विचारलं.

"नेहमीचंच."

"मग तुमी काय ठरवलंत?"

दाजींनी चष्मा काढून डोळे चोळले. "जगन, तिचं ऐकावं असं मला वाटतं."

झालं! म्हाताऱ्यालाही फितवलं. ज्याची खार नाही त्यालाच कागदाची धास्ती, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पुढे आलेल्या चहाला हात न लावता जगन उठला.

एसटी स्टँडवर ठमाबाई गाडीची वाट बघत बसली होती. या खेपेला तीच उठून त्याच्याजवळ आली.

"जगन, राहू दे तो कागद."

"का गो काकी, भ्या वाटतं?"

"व्हय, वाटतं." तिने ते सरळ कबूल केलं. "अर्धं अर्धं चाललंय ते चालू दे. नितेशला मी आवरते."

पोराला पुढे करायचं आणि आपण मागून गोड बोलायचं, हे जगन आता पुरतं ओळखून होता. ज्या बाईने लहानपणी त्याला आपल्या पानातलं भरवलं, तिच्याकडे पाठ करून तो गाडीत चढला. गाडीत त्याला रडू आलं, ते त्याने दमणुकीवर ढकललं.

सुट्टीच्या दिवशी तो पेणला गेला आणि मंडळाच्या अध्यक्षांपुढे गाऱ्हाणं घातलं की एका घराच्या दाबापोटी दाजी कागद गाळतायत. अध्यक्ष तापले. इतिहास काय कुणाच्या घरचा आहे, म्हणाले, आणि सगळे कागद जसेच्या तसे छापा, असा दाजींना निरोप धाडला. दाजी आता भांडायच्या वयाचे राहिले नव्हते. 'छापतो,' एवढंच ते जगनला म्हणाले आणि मान वळवून बसले.

खंड निघाला. जगनने प्रत आणली आणि गावकी पुन्हा देवळात बसली. नितेश बिचारा खांबाला टेकून हरल्यासारखा उभा होता, कारण निकाल काय लागणार ते सगळं गाव धरूनच बसलं होतं. ठमाबाई बायकांत मागे बसली होती. जगनने आपल्या लेकीला, प्रणिताला, पुढे बोलावलं आणि मोठ्याने वाच म्हणून सांगितलं.

प्रणिता वाचू लागली. "खार राघोजीची. बांध त्यानेच पदरच्या धान्याने घातला. जनूस बांध राखावयास ठेविले. त्याचे पोटास अर्धे भात द्यावे. खारीवर त्याचा हक्क नाही..."

ती वाचायची थांबली. राघोजी ठमाबाईच्या घराचा मूळपुरुष आणि जनू जगनचा, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जगनने पुस्तक ओढून घेतलं, उलटलं, पुन्हा सुलटलं. अक्षर एक लागत नव्हतं.

नितेशने शांतपणे ते पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, पान नीट वाचलं, देवीला हात जोडले आणि कंपनीच्या माणसाला गाठायला रोह्याकडे निघाला. माणसं पांगली. ठमाबाई हळूहळू येऊन जगनशेजारी बसली.

"सासऱ्याने मला वाचून दाखवला व्हता," ती म्हणाली. "तुझ्यापासून नाय रे लपवला. नितेशपासून लपवत व्हते."