नारिंगी पाणी

पॉलिशवाल्याने फ्रिजमधून नारिंगी कोल्ड्रिंकची बाटली काढली, टोपण फिरवलं आणि सगळं सिंकमध्ये ओतलं. फेस जाळीवर थोडा वेळ चरचरत राहिला. मग त्याने दुसरी काढली. डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. ती भिजू नये म्हणून तो टाचेवर भार देऊन उभा होता.

बायको दाराशी उभी राहून बघत होती. सकाळी दवाखान्यात तीही बरोबर होती. अंगठ्याची जखम भरत नव्हती. साखर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल, आणि गोष्ट तेवढ्यावर थांबेल असंही नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. दिवसभर काय काय पिता, असं त्यांनी त्याला विचारलं. उत्तर बायकोनेच दिलं. नारिंगीच पितात, दुसरं काही म्हणजे काही नाही, असं तिने जरा मान वर करूनच सांगितलं होतं. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

"एखादी राहू द्या की," ती आता म्हणाली. "कोणी पाहुणेबिहुणे आले तर."

"आपल्याकडे कोण येतंय?"

ते खरंच होतं. दारू सुटली तेव्हा पिणारे दोस्त सुटले, आणि न पिणारे त्याच्या आधीच तुटले होते. राहिले ते फर्निचरच्या कारखान्यातले सुतार. त्याच्या हातात सदा नारिंगी बाटली बघून त्यांनी त्याचं नाव 'बर्थडे' ठेवलं होतं. काय बर्थडे, आज पण केक नाही का, असं रोज कोणीतरी विचारायचंच.

शेवटची बाटली ओतून झाली. त्याने सगळ्या विसळून खिडकीत उपड्या ठेवल्या आणि हात पुसत बायकोकडे बघितलं. तिची नजर क्षणभर कोपऱ्यातल्या तांदळाच्या डब्याकडे गेली आणि लगेच परत आली. त्याला तेवढं पुरलं. तो लंगडत डब्यापाशी गेला. वाकून न बघता त्याने मागच्या फटीत हात घातला आणि एक भरलेली नारिंगी बाटली बाहेर काढली.

"ही जागा माझी होती," तो म्हणाला.

तो रागावला नव्हता. त्याने ती बाटली न उघडता टेबलावर ठेवली आणि फळीवरून काचेचा ग्लास घेतला. घरात पाण्याला स्टीलचे पेले नव्हते. ते तिनेच कधीचे मोडीत काढले होते. जे काही प्यायचं ते आरपार दिसलं पाहिजे, असा तिचा हट्ट होता. त्याने ग्लास नळाखाली भरला, आपल्या खुर्चीत बसला, पाय स्टुलावर घेतला आणि ग्लास तोंडाशी नेला.

"थांबा," ती म्हणाली.

तिने ग्लास त्याच्या हातातून घेतला आणि नाकाशी धरला. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये कालवतात. दिवसभर लाकडावर बोळा फिरवून स्पिरिटचा तो दारूसारखा वास त्याच्या नखांत, शर्टात, उशीतसुद्धा मुरलेला होता. ग्लासालाही आता त्याच्या बोटांचा तोच वास येत होता. तो प्यायचा तेव्हाही तिच्या नाकाचा कधी उपयोग झाला नव्हता. तिने ग्लास उजेडात धरला.

"नळाचं आहे," तो म्हणाला. "तुझ्यासमोर भरलं."

"माहीत आहे."

"मग?"

"त्यालाही रंग नव्हता."

पांढरी दारू तो कोरी प्यायचा. तिच्यात काही मिसळणाऱ्यांना हसायचा. म्हणून ज्या दिवसापासून त्याच्या ग्लासात नारिंगी दिसू लागलं, त्या दिवसापासून तिला झोप लागू लागली. हातातलं काम करता करता ती मान वळवायची, रंग बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. त्याला कधी काही विचारावं लागलं नाही. बाटली संपत आली की दुसरी तीच आणून ठेवायची.

"अंगठा जाईल, अगं," तो हळू म्हणाला.

"एकच जाईल."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. ती समोरची खुर्ची ओढून बसली आणि टेबलावरचा नसलेला कचरा हाताने गोळा करू लागली. पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही.

त्याने बाटली उघडली. टोपण भरून नारिंगी घेतलं आणि पाण्याच्या ग्लासात सोडलं. रंग तळाशी गेला, पसरला आणि दिसेनासा झाला. त्याने चमच्याने ढवळलं. गिऱ्हाईक जुन्या कपाटाची फळी घेऊन यायचं आणि नव्या दाराला हाच रंग पाहिजे म्हणायचं. मग तो असाच थेंब थेंब टाकत, डोळे बारीक करून पॉलिशचा रंग जुळवत बसायचा. त्याने आणखी अर्धं टोपण ओतलं. पाणी जरासं पिवळसर झालं.

"एवढ्याने काही होत नाही," तो म्हणाला. तिला म्हणाला की अंगठ्याला, ते कळलं नाही.

त्याने ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि गिऱ्हाइकाला विचारायचा त्याच आवाजात विचारलं, "चालेल?"

तिने ग्लास उचलून दिव्यासमोर धरला. एकदा स्टुलावरच्या पट्टीकडे बघितलं. पुन्हा ग्लासाकडे बघितलं.

"अजून थोडं," ती म्हणाली.