नेटीची मंगळवारची फेरी

"नवीन औषध कसं काय मानवतंय?" गाडी हायवेला लागल्यावर अर्विनने विचारलं.

"बरंय. याने गुंगी येत नाही," नेटी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. खोटं बोलायची सवय नसली की माणूस खिडकीबाहेरच बघतं.

नवीन औषध नव्हतंच. लिम्फोमावरचे तिचे उपचार बर्फ पडायच्या आधीच संपले होते. रक्ताच्या कर्करोगातला हा मंद चालीचा प्रकार. "मुळासकट गेला असं म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले होते, "पण सध्या गप्प झोपलाय. आता शहरात खेपा घालायचं कारण नाही. वर्षातून एकदा गावातच रक्त तपासा. आनंद करा!"

नेटीने हसून मान डोलावली, बाथरूममध्ये गेली आणि रडली. ते रडणं आनंदाचं नव्हतं.

ते शहर, सास्काटून, तिच्या गावापासून दोन तासांवर. नवरा गेल्यापासून घरात बोलायला रेडिओ तेवढा. मुलगी पार कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, हॅलिफॅक्सला, तिचा फोन रविवारी. रुग्णांची फुकट ने-आण करणाऱ्या संस्थेने अर्विनला पाठवलं, तेव्हा कुठे तिच्या तोंडाचं कुलूप निघालं. स्कूलबस चालवून निवृत्त झालेला हा विधुर अख्ख्या रस्त्याला पुरेल एवढं ऐकून घ्यायचा. आजाराने तिचं बरंच काही नेलं, पण हा रस्ता दिला होता. ती बरी झाली आणि तोही हातचा गेला.

म्हणून नाताळाच्या सुमारास अर्विनने फोन करून, "मंगळवारी शहरात काम आहे माझं, तुमची फेरी आहे का?" असं विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "अय्या! माझीही तीच तारीख!"

तेव्हापासून तारीख त्याची आणि आजार तिचा. "संस्थेला कशाला कळवायचं? मी जातोच आहे," असं तोच म्हणाला. नेटीने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. एका खोट्याला देव कितीसा रागावणार?

"मला सांगा," अर्विन म्हणाला, "तोंड आलं होतं तेव्हा काय खायचात?"

"थंड दही. आणि मीठ-सोड्याच्या गुळण्या. पहिल्यांदा सलाइन लावलं तेव्हा अशी हुडहुडी भरली म्हणता, वाटलं गेले मी! पण घाबरायचं नसतं. थोडा वेळ बंद ठेवतात, मग हळू सोडतात."

"अस्सं."

एवढी चौकशी पोटच्या मुलीनेही कधी केली नव्हती. नेटीला भरून आलं. तिने डबा उघडून खसखशीचा रोल पुढे केला.

"नको, नेटीबाई. डॉक्टरने गोड कमी करायला सांगितलंय."

"तुमच्यासाठी पहाटे उठून केलाय मी! निदान कोपरा तरी मोडा."

त्याने मुकाट्याने कोपरा मोडला. "येताना मात्र तुम्हीच चालवायचं. मावळतीचं ऊन डोळ्यांत जातं माझ्या."

हे गेल्या काही फेऱ्यांपासूनचं. येताना तो टोपी डोळ्यांवर ओढून झोपी जायचा आणि नेटी, रस्ता लवकर संपू नये म्हणून, गाडी बैलगाडीसारखी हाकायची. शेजारी कुणीतरी घोरतंय, एवढ्यानेही तिला घर भरल्यासारखं वाटे.

पण आज तिचं मन तिला खात होतं. एखाद्या खऱ्या रुग्णाची जागा आपण अडवून बसलोय. परतताना सगळं सांगून टाकायचं. मग तो पुन्हा येणार नाही. न येवो.

हॉस्पिटलच्या दारात त्याने तिला उतरवलं. "काम आटोपून येतो. उशीर झाला तर घाबरू नका."

नेहमीप्रमाणे नेटी वर न जाता तळघरातल्या कॅन्टीनमध्ये गेली. चहा घेतला, विणकाम काढलं. वर जायची सोय नव्हती. वर मार्लिस होती. उपचार चालू होते तेव्हा ही नर्स सुई लावायच्या आधी दरवेळी दरडावून विचारायची, "घरी कोण नेणार?" त्या औषधाआधीच्या गोळीने गुंगी येते; न्यायला कुणी नसेल तर मार्लिस सुईला हात लावत नसे. "खाली अर्विन आहे ना," असं सांगताना नेटीला किती बरं वाटायचं!

टाके चुकले. तिने उसवून पुन्हा घातले.

"नेटी! इथे बसता होय तुम्ही?"

समोर मार्लिस उभी. चोरी पकडली गेली होती.

"मार्लिस, मी सांगते तुला. मी काही..."

"बसा, बसा. घाबरू नका. अर्विनना जरा हुडहुडी भरली, म्हणून सलाइन थोडा वेळ थांबवलंय. आता बरे आहेत. पण आज निघायला उशीर होईल."

"कुणाला? अर्विनला सलाइन?"

"न्यायला तुम्ही आहात म्हणूनच तर लावते मी." मार्लिस शेजारी टेकली. तिने आवाज खाली आणला. "मला बोलू नको म्हणालेत, पण राहवत नाही. तुमचे उपचार संपल्याचं संस्थेने त्यांना तेव्हाच कळवलं होतं. गेल्या खेपेला डोळे पुसत म्हणाले, 'माझं दुखणं त्या बाईने न सांगता ओळखलं. सोबत मागायची मला लाज वाटू नये म्हणून स्वतः आजारी असल्याचं सोंग करते. अख्ख्या जन्मात एवढं माझ्यासाठी कुणी केलं नाही.'"