पेटीत नसलेला वेष

जानकी स्टेजवर आली आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. तिच्या अंगावर शाळेचा गणवेशच होता. पांढरा सदरा, निळा स्कर्ट, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या.

तिच्याआधी ढाबेवाल्या सरदारजींच्या पोरांचा भांगडा होऊन गेला होता. किराणा दुकानवाल्या धोंडप्पांची शिवानी इरकली लुगडं नेसून लिंगायतांचं वचन म्हणून गेली होती. ज्यानं त्यानं आपापल्या समाजाच्या वेषात यायचं, असं मुख्याध्यापक केदारनाथ सरांनी बजावलं होतं. जानकी बहुरूप्याची नात. तिनं आजोबाच्या पेटीतलं फौजदाराचं सोंग घ्यायचं, पाहुण्यांना खोटी अटक करायची आणि शेवटी झोळी पुढं करायची, असं ठरलं होतं. ते जमत नसेल तर कार्यक्रमातून नाव कमी.

मागं मांडवाच्या खांबाला टेकून तिचा आजोबा अभिमन्यू बसला होता. धारूरच्या घाटापासून उमापूरच्या बाजारापर्यंत त्यानं त्या पेटीवरच पोट भरलं. "चला, कोंबडीनं तक्रार दिलीय तुमच्यावर!" म्हणत दारोदार हशा पिकवला. शाळेनं आपली कला मागितली म्हणून तो हरखून गेला होता. फौजदाराच्या टोपीचा बिल्ला त्यानं चिंचेनं घासून लख्ख केला होता. ती टोपी आता त्याच्याच मांडीवर पडून होती. पोरीनं पेटीला हातसुद्धा लावला नव्हता.

'माझी लाज वाटली तिला,' तो मनात म्हणाला.

"सोंग कुठंय तुझं?" सर खेकसले. "सगळे आपापल्या वेषात आले. तूच कावून न्हाई?"

जानकी माईकपुढं सरकली. "सर, आबांच्या पेटीत राजा हाय, साधू हाय, फौजदार हाय. लई वेष हायेत. गणवेश तेवढा नव्हता. आमच्या घरात तो पयल्यांदा मीच घातला. मग माझा वेष ह्योच की."

अभिमन्यूनं मान वर केली.

तेवढ्यात खुर्चीतले पाहुणे मोहनराव खदखदून हसले. पंचक्रोशीतले मोठे जमीनदार, पुढारी माणूस. "आरं वा! आज्याला मागं टाकलं की पोरीनं! अभिमन्यू, ये बे इकडं. झ्याक सोंग वठवलं नातीनं. हे घे बक्षीस." त्यांनी खिशातून नोट काढली.

"जी मालक," म्हणत अभिमन्यू उठला. पुढं जाऊन सवयीनं कमरेत वाकला. सवयीनंच त्याचा हात पुढं झाला.

जानकी स्टेजवरून बघत होती. आजोबाकडं नाही, त्या हाताकडं.

त्यानं हात मागं घेतला. वाकलेली कंबर सरळ केली. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा आवाज लावला, सोंगात लावायचा तसाच.

"बक्षीस सोंगाला असतंय, मोहनराव. हे सोंग न्हाई."